एका जुन्या जुकी मशीनची दुरुस्ती

सोलापुरात एका सुईच्या कोणत्याही कारखानी शिलाई मशीनला सरसकट 'जुकी' म्हणतात, मग त्यावर नाव कोणत्याही कंपनीचे असो. माझ्याकडे आलेले मशीन मात्र खरोखरच त्या जपानी कंपनीचे, डीडीएल-५५५० या मॉडेलचे होते. पूर्व भागातला गणवेश शिवणारा एक छोटा कारखाना दोन वर्षांपासून बंद होता आणि मालकाने एकेक करून मशीन विकायला काढली होती. चांगली होती ती आधीच गेली. भिंतीकडेला उरलेले हे मशीन टेबल, स्टँड आणि क्लच मोटर यांसह मला साडेसहा हजार रुपयांत मिळाले. नवे घ्यायचे तर त्याच्या चौपट तरी रक्कम मोजावी लागली असती आणि तेवढे पैसे माझ्याजवळ नव्हते.

मी गेली अकरा वर्षे घरी पायमशीनवर गणवेशाचे कापलेले तुकडे आणून शिवते. जूनमध्ये शाळा उघडतात, त्यामुळे एप्रिल आणि मे हे आमच्या कामाचे खरे महिने. त्या दोन महिन्यांत हाताला जेवढे काम येते तेवढे पायमशीनवर उरकत नाही आणि दरवर्षी काही गठ्ठे परत करावे लागतात. कंपनीने ५५५० ची कमाल गती मिनिटाला ५,५०० टाके दिलेली आहे. मला त्याच्या निम्म्यानेही पुरे होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मशीन टेम्पोतून घरी आले तेव्हा महिनाभरात ते चालू करायचे असा माझा निश्चय होता.

उजवीकडचे मोठे चाक हाताने फिरवून पाहिले, तर ते पाव फेराही जात नव्हते. जोर लावायचा मोह झाला, पण माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, शेजारी खुर्चीवर बसले होते आणि त्यांनी हात धरला. अण्णा लक्ष्मी-विष्णू या कापड मिलमध्ये फिटर होते. आता त्यांना बारीक दिसत नाही आणि हातही थरथरतो, पण त्यांची हत्यारांची पेटी अजून घरात आहे आणि तीत व्हर्नियर, वेगवेगळ्या जाडीच्या पात्यांचे फिलर गेज, धारेचे बारीक दगड असे सगळे जपलेले आहे. ते म्हणाले, "अडकलंय ते गंजाने की तेलाने, हे आधी बघ. जोर दोन्हीला चालत नाही."

मशीनचे डोके मागे कलते करून खालचा भाग उघडा केला, तेव्हा उत्तर डोळ्यांसमोर आले. या मशीनला टेबलाखाली तेलाचा उथळ पत्र्याचा तवा असतो. तव्यातल्या तेलात बुडालेला छोटा पंप मशीन चालू असताना तेल वर चढवतो, नळ्यांमधून आणि वातींमधून ते वरच्या शाफ्टपर्यंत आणि शटलपर्यंत, म्हणजे सुईखाली फिरून टाका बांधणाऱ्या भागापर्यंत, पोहोचवतो आणि ते परत तव्यात उतरते. म्हणून घरगुती मशीनसारखे याला ठिकठिकाणी थेंब टाकावे लागत नाहीत. माझ्या मशीनच्या तव्यात मात्र तेल उरलेच नव्हते. तिथे टेरीकॉटची बारीक कात्रणे, दोऱ्याचा भुसा आणि जुने तेल यांचा मधाच्या रंगाचा चिकट थर झाला होता आणि कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखाली तर हा भुसा दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट बसला होता. गंज फक्त सुईच्या भोकाच्या पाटीवर आणि दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांवर होता. आतले पोलाद निरोगी होते आणि सांधे केवळ वाळलेल्या तेलाने चिकटले होते. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटले की हा व्यवहार चुकलेला नाही.

पूर्वी अशा कामाला रॉकेल वापरत. आता ते सहज मिळत नाही म्हणून मी डिझेल घेतले आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवून, चुलीपासून दूर, मागच्या पडवीत काम केले. मोटर आणि पट्टा आधीच काढून ठेवले होते. जुना टूथब्रश, बांबूच्या काड्या आणि धागे न सुटणारे सुती फडके यांनी थर काढला. टोकदार लोखंड मी जाणूनबुजून वापरले नाही, कारण शाफ्टवर आणि तो ज्यात फिरतो त्या बुशवर ओरखडा उठला तर तो कायमचा राहतो. प्रत्येक सांध्यात पातळ तेल सोडले आणि केस वाळवायच्या यंत्राने डाव्या बाजूचे तोंड कोमट करून रात्रभर तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी चाक अर्धा फेरा गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी, सुई धरून वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या वरच्या सांध्यात आणखी एकदा तेल सोडल्यावर, ते एका दमात पूर्ण फिरले. अण्णांनी स्वतः उठून चाकाला हात लावला आणि वीस-पंचवीस फेरे सावकाश फिरवले. कुठे जड, कुठे हलके लागते हे ते बोटांनी वाचत होते.

पंपाची जाळी पूर्ण बुजलेली होती. ती धुऊन परत बसवली. तोंडाच्या झाकणामागे सुईच्या दांड्याला तेल देणारी वात लाकडासारखी कडक झाली होती, ती भिजवून मऊ होईना, म्हणून नवी घातली. तेलाबद्दल इथेच सांगते, कारण या मशीनची निम्मी दुर्दशा तेलामुळे झाली होती. पंप, नळ्या आणि वाती यांसाठी पाण्यासारखे पातळ, रंगहीन असे शिलाई मशीनचेच तेल लागते. इंजिनाचे घट्ट तेल वातीतून चढत नाही, खोबरेल थंडीत थिजते, आणि तव्यातला पिवळा चिकट थर पाहता आधीच्या कुणीतरी जे हाताशी आले ते ओतले होते, हे स्पष्ट दिसत होते. तव्यात वरची आणि खालची अशा दोन खुणा असतात. नवे तेल मी वरच्या खुणेपर्यंत भरले.

आता चाक फिरत होते, म्हणून मी नवी, कारखानी मशीनच्या डीबी-वन जातीची १४ नंबरची सुई लावली, लांब खोबण डावीकडे आणि खाच उजवीकडे शटलच्या बाजूला येईल अशी, आणि हाताने चाक फिरवत दोन पदरी कापडावर टाके घालून पाहिले. जाड सुती कापडावर टाके बसले. टेरीकॉटवर, जे माझे रोजचे कापड, प्रत्येक सहा-सात टाक्यांमागे एक सुटत होता. मी सुई बदलली, दोरा बदलला, टेन्शन ढिले केले, घट्ट केले. टाका सुटतच राहिला.

अशोक चौकाजवळ मशीनचे सुटे भाग विकणारे आणि दुरुस्ती करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांना मी मामा म्हणते. त्यांच्याकडे हंगामामुळे वीस मशीन रांगेत होती आणि घरी यायला त्यांना सवड नव्हती, पण त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, शटल बदलू नका आधीच. टायमिंग कुणी तरी हलवलं असंल की ओ. दांडा बघा, मग शटल बघा. उलटं केलं तर कधीच जमणार नाही."

घरी येऊन मी हे सांगितल्यावर अण्णांनी भिंग मागवले आणि शटलचे स्क्रू व सुईच्या दांड्याचा स्क्रू यांची डोकी पाहिली. दोन्हींच्या खाचांच्या कडा चुकीच्या मापाच्या स्क्रू-ड्रायव्हरने चिरलेल्या होत्या. कारखान्यातून आलेल्या स्क्रूची खाच कोरी असते. ही कुणीतरी उघडली होती, आणि घाईत.

इथून पुढचे दोन दिवस मी या मशीनबद्दल जे शिकले ते आधीच्या अकरा वर्षांत शिकले नव्हते, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते. सुई खाली जाऊन तळाला टेकते आणि वर यायला लागते, तेव्हा कापडाच्या पकडीमुळे दोरा तिच्याबरोबर लगेच वर येत नाही. सुई दोनएक मिलिमीटर वर आली की खाचेच्या बाजूला दोऱ्याचा छोटा फुगा सुटतो. शटलचे टोक नेमके त्याच क्षणी, सुईच्या नेढ्याच्या किंचित वरून गेले पाहिजे, म्हणजे ते फुगा उचलते आणि बॉबिनभोवती फिरवून टाका बांधते. टोक लवकर आले तर फुगा पुरता झालेला नसतो, उशिरा आले तर तो कोसळलेला असतो. एका टाक्यामागे शटल दोन फेरे घेते, त्यांतल्या एकाच फेऱ्यात ते दोरा पकडते. सुई किती खाली जाते आणि शटल केव्हा येते, या दोन गोष्टी वेगवेगळ्या स्क्रूंनी जुळवायच्या असतात. पण दुसरी पहिलीवर अवलंबून असते.

सुईच्या दांड्यावर बारीक रेषा कोरलेल्या असतात. दांडा सर्वांत खाली असताना डीबी सुईची वरची रेषा खालच्या बुशच्या कडेशी बरोबर जुळायला हवी. माझ्या मशीनमध्ये ती रेषा दिसतच नव्हती, कारण ती बुशच्या आत गेली होती. व्हर्नियरने मोजल्यावर दांडा सुमारे दीड मिलिमीटर वर सरकलेला निघाला. हे कसे झाले असेल याचा अंदाज करता येतो: एखाद्या वेळी सुई हुकावर किंवा जाड शिवणीवर जोरात आपटली, दांडा पकडीतून वर घसरला आणि टाके पडेनासे झाले. मग कुणीतरी दांड्याकडे न पाहता शटल ढिले केले आणि ते थोडे आधी येईल असे पुढे सरकवले, म्हणजे टोक नेढ्याच्या वरून जाऊ लागले. टाके पडू लागले, काम चालू झाले. पण त्यामुळे शटल दोऱ्याचा फुगा पुरता फुगण्याआधीच येऊ लागले. जाड सुती दोऱ्याचा फुगा लवकर सुटतो, तिथे ते निभावले. पॉलिस्टरच्या गुळगुळीत दोऱ्यावर आणि टेरीकॉटवर ते निभावत नव्हते. एका चुकीवर दुसरी चूक बसवून मशीन वर्षानुवर्षे चालवलेले होते, आणि टेन्शनचा स्प्रिंग, बॉबिन केसचा स्क्रू, दातांची उंची हे सगळे त्या दोन चुकांच्या भोवती ओढूनताणून जुळवलेले होते. मी नुसते शटल बदलले असते, तर नव्या भागाचे पैसे गेले असते आणि टाका सुटतच राहिला असता.

म्हणून मी सगळे उलगडून मुळापासून लावले. कापड दाबून धरणारा फूट आणि पाटी काढली, दात काढले. दांडा तळाला आणून त्याचा स्क्रू ढिला केला, रेषा बुशच्या कडेशी आणली आणि सुईची खाच उजवीकडेच राहील याची काळजी घेऊन स्क्रू आवळला, कारण आवळताना दांडा अंगाभोवती किंचित वळतो आणि खाच शटलपासून तिरकी होते. दोनदा तसे झाले, तिसऱ्यांदा बरोबर बसला. मग चाक पुढे फिरवून दांडा वर येताना दुसरी रेषा बुशच्या कडेशी आणली आणि तिथेच थांबवून शटलचे टोक सुईच्या मध्यावर आणले. आता उरले टोक आणि सुई यांतले अंतर. ते ०.०४ ते ०.१ मिलिमीटर इतके असावे लागते. टोक सुईला घासले तर बोथट होते, दूर राहिले तर फुगा पकडता येत नाही. अण्णांच्या गेजमध्ये सर्वांत पातळ पाते ०.०५ चे आहे. ते हलके अडत जाईल आणि ०.१ चे जाणार नाही, इथपर्यंत शटल शाफ्टवर सरकवायला मला संध्याकाळचे चार तास लागले. स्क्रू आवळला की शटल केसभर सरकते, म्हणून प्रत्येक वेळी आवळून पुन्हा मोजावे लागते. अण्णा बॅटरी धरून बसले होते आणि जेवणासाठी आईने तीनदा हाक मारली.

शटलच्या टोकावर नखाला लागेल असा एक काटा होता. तो बारीक दगडाने आणि मग तेल लावलेल्या पॉलिश पेपरने काढून पाहिला, पण भिंगातून पाहिल्यावर टोकच आखूड झालेले दिसले. तेव्हा मात्र मामांकडून नवे शटल आणले. दुकानात दोन प्रकार होते, एक स्वस्त आणि एक जपानी बनावटीचे, तिपटीहून महाग. मी महाग घेतले, कारण मशीनचा हा एकच भाग असा आहे की ज्याच्या टोकाच्या घडणीवर प्रत्येक टाका अवलंबून असतो. पैसे वाचवायचे असतील तर ते टेबलाच्या सनमायकात वाचवावेत. बॉबिन केसला फिरू न देणारे जे बोट असते, ते शटलच्या खाचेत घट्ट चेपून बसवलेले होते. त्यात दोरा मोकळेपणाने निसटेल इतकी फट ठेवल्याबरोबर पूर्वीचा खडखडाट निम्म्याने कमी झाला.

दात चमकदार, गुळगुळीत झाले होते आणि पाटीवर सुईचे भोक एका बाजूला फाटले होते, म्हणून दोन्ही एकत्रच नवी घेतली. एकाचे माप दुसऱ्यावर ठरते. दात पाटीच्या वर पाऊण ते आठ दशांश मिलिमीटर येतील अशी उंची ठेवली. आधीच्या माणसाने ते एक मिलिमीटरहून वर आणले होते, त्यामुळे शर्टाच्या कापडाला चुण्या पडत होत्या. टेन्शनच्या चकत्या पॉलिश केल्या. फारसे सांगण्यासारखे त्यात नाही.

मोटरीचा निर्णय मी बराच विचार करून घेतला. जुनी क्लच मोटर चालत होती, पण तिचा स्वभाव असा की बटण दाबले की ती सतत पूर्ण वेगाने फिरते आणि पेडल दाबल्यावर क्लच पकडून तो वेग मशीनला देते. शिवत नसतानाही तिचा आवाज आणि वीज चालूच राहते, आणि कॉलरच्या टोकाशी दोनच टाके घालायचे असतील तर पायाला फार सराव लागतो. आमच्या एका खोलीत मुलगी अभ्यासाला बसते. म्हणून ५५० वॅटची सर्व्हो मोटर घेतली, जी पेडल दाबले तरच फिरते आणि जिचा वेग आकड्यांनी बांधून ठेवता येतो. पट्टा मध्यावर बोटाने दाबला तर साधारण दीड सेंटिमीटर आत जाईल इतका ताण ठेवला.

सुई आणि दोरा न घालता मोटर चालू केली, तेव्हा डोक्यावरच्या काचेत तेल उडताना दिसायला हवे होते. ते दिसेना. मी लगेच थांबवले, तेल पाहिले, पंप पाहिला, सगळे जागच्या जागी होते. मामांना फोन केला. त्यांनी एकच विचारले, "चाक तुमच्याकडं फिरतंय का पलीकडं?" चाक पलीकडे फिरत होते. नवी मोटर उलट्या दिशेने लावलेली आली होती, आणि उलट फिरणारा पंप तेल चढवत नाही. मोटरीच्या पेटीत दिशा बदलायची सोय असते. ती बदलली आणि काही सेकंदांत काचेवर पहिले थेंब उडाले. "तेल दिसल्याबिगर पाय ठिवू नका," असे मामांनी बजावले होते आणि तेव्हापासून रोज सकाळी माझी नजर आधी त्या काचेकडे जाते.

इतके दिवस बंद असलेले मशीन एकदम पळवू नये, म्हणून वेग दोन हजारांवर बांधून पहिले चार दिवस रोज थोडा वेळ नुसतेच चालवले आणि प्रत्येक वेळी हाताने बुश किती तापतात ते पाहिले. मग शटलला किती तेल पोहोचते याची तपासणी केली. शटलखाली थोडे अंतर सोडून कोरा कागद धरायचा, दहाएक सेकंद मशीन चालवायचे आणि कागदावर उडालेली रेघ पाहायची. पहिल्या कागदावर बोटभर रुंद ओला पट्टा उमटला. हे तेल पांढऱ्या शर्टावर गेले असते. शटलच्या शाफ्टपाशी तेल कमी-जास्त करणारा स्क्रू असतो, तो पाव-पाव फेरा फिरवत पाचव्या कागदावर बारीक, सलग रेघ मिळाली. पूर्ण कोरडा कागदही नको, कारण एवढ्या वेगाने फिरणारे शटल तेलाशिवाय काही तासांत जळते.

एप्रिलच्या नऊ तारखेला मी पहिला शर्ट शिवला. चाळीस नंबरचा पॉलिस्टर दोरा, अडीच मिलिमीटरचा टाका, पांढरे टेरीकॉट. खांद्याची शिवण, बाही, कॉलर. उलट बाजूने शिवण पाहिली, बोटाने ताणली, भिंगाखाली अण्णांना दाखवली. त्यांना टाके दिसत नव्हते, म्हणून त्यांनी नखाने शिवणीवरून शेवटपर्यंत रेघ ओढली आणि मध्ये कुठे नख अडकते का ते पाहिले. कुठेच अडकले नाही. त्या हंगामात एकही गठ्ठा मी परत केला नाही.

सगळा हिशेब केला तर मशीन, मोटर, शटल, दात, पाटी, वाती, पट्टा आणि तेल मिळून साडेचौदा हजार रुपये लागले. टेबलाच्या फळीच्या खालच्या बाजूला मी पेन्सिलीने दांड्याचे माप, शटलचे अंतर, दातांची उंची आणि तारीख लिहून ठेवली आहे. या मशीनचे डोके पुढे कुणीही कलते केले, तर तव्यात पाहण्याआधी त्याला ती ओळ दिसेल.